दुकानचं जेवण, घरचं पातेलं

विकतच्या जेवणाबद्दल थोआकाकूंचं मत इनालातल्या आमच्या सगळ्या व्हिएतनामी वस्तीला ठाऊक होतं. "विकतचं जेवण म्हणजे भाड्याने आणलेली आई," असं त्या म्हणायच्या, आणि तेही माझ्या दुकानासमोर उभं राहून, मला आत ऐकू जाईल अशा आवाजात. मी दुकान उघडलं त्या दिवशी चार लोकांबरोबर त्याही आल्या होत्या. माझ्या चिंच-अननस घातलेल्या माशाच्या आंबट साराचा एक चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "येन, चिंच चांगली आहे. बाकी शिकशील." त्यानंतर त्यांनी माझ्या दुकानात पाऊल टाकलं नाही.

मला त्यांचा राग नव्हता. त्यांच्या हातचं एकदा खाल्लेल्या माणसाला राग धरून ठेवणं अवघडच होतं. टेटच्या, म्हणजे आमच्या नववर्षाच्या दिवसांत त्यांच्या घरून डबा आला की माझी पोरं मी रांधलेलं तसंच ठेवून त्या डब्यावर तुटून पडायची. अशा बाईने विकतच्या जेवणाला नावं ठेवली तर ठेवू द्यावीत.

माझ्या दुकानात मिरवण्यासारखं काही नाही. काचेमागे गरम पाण्यावर ठेवलेले स्टीलचे ट्रे. एकात नारळपाण्यात मुरवलेलं डुकराचं मांस आणि अंडी, एकात आल्यातली कोंबडी, एकात भरलं कारलं, एकात टोमॅटोतला टोफू. बाजूच्या फ्रिजात सारांचे डबे आणि मोहरीच्या पाल्याचं लोणचं. ज्यांच्या घरात आई उरलेली नाही, किंवा आहे पण थकली आहे, किंवा जी आईच दिवसभर दुसऱ्याच्या कारखान्यात शिलाई करून येते, अशी माणसं माझ्याकडे येतात. दोन पदार्थ, एक सार आणि भात घेतात आणि घरी जाऊन आपापल्या ताटात वाढून घेतात. मी कोणाची आई नाही. पण संध्याकाळी सहा वाजता इनालातल्या बऱ्याच घरांत माझ्या डब्यांची झाकणं उघडतात, एवढं खरं.

त्या वर्षी थंडी ओसरत आली होती, तेव्हा एक दिवस भर दुपारी थोआकाकूंचे यजमान विन्हकाका दुकानात शिरले. आधी दारातून मागे वळून रस्त्यावर नजर टाकली, मग फ्रिजच्या आडोशाला असलेल्या स्टुलावर जाऊन बसले. तिथे बसलेला माणूस बाहेरून दिसत नाही.

"येन, भात दे. मांस दे, एक अंडं जास्त घाल. आणि हे बघ, घरी बोलू नकोस."

"काकू कुठे गेल्यात?"

"घरीच आहे. मी बुद्धिबळ खेळायला गेलोय."

काकांनी ताट असं साफ केलं की धुवायची गरज राहिली नाही. विन्हकाका मांसाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, अंगाने दणकट, आणि आयुष्यभर त्यांनी बायकोच्या हातचंच खाल्लेलं. मला वाटलं, भांडण झालं असेल, दोन दिवसांत निवळेल. पण ते दोन दिवसांनी परत आले. मग परत. पुढे पुढे रोजच यायला लागले, आणि दर वेळी उपास सोडायला आल्यासारखे जेवायचे.

शेवटी मी विचारलंच. "काका, काकू बऱ्या आहेत ना?"

काकांनी जेवणाच्या काड्या ताटावर आडव्या ठेवल्या.

"तिच्या जेवणात मीठ फार पडतं गं. एक दिवस इतकं खारट की समुद्रात बुडाल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी अजिबातच नाही, नुसतं गरम पाणी. ती समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत असते, म्हणून मी सगळं संपवतो. 'कसं झालंय?' म्हणते. मी म्हणतो, छान."

"सांगत का नाही तुम्ही?"

"ऐक तर. मागच्या महिन्यात गॅसवर पातेलं ठेवून ही बाहेरच्या खोलीत शेंगा निवडत बसली. आत कोळसा झाला. सगळं घर धुराने काळं. शेजारची सामोअन म्हातारी धावत आली, तिने गॅस बंद केला. आणि ही शेंगाच निवडतेय! मला म्हणाली, फोनवर बोलत होते, लक्ष नव्हतं. येन, फोन माझ्या खिशात होता."

मी हातातला चमचा खाली ठेवला.

"तिची आई अशीच गेली," काका हलक्या आवाजात म्हणाले. "आधी मीठ. मग पातेली. मग एक दिवस थोआलाच म्हणाली, बाई, तू कोणाकडची? थोआ तेव्हा आठवडाभर रडत होती. आता तिचीच पाळी आलीय, आणि तिला ते कळतंय, म्हणून लपवतेय. मी विचारत नाही. विचारलं की खरं होईल."

मी त्यांच्या ताटात आणखी एक अंडं घातलं. ते त्यांनी खाल्लं.

त्यानंतर आठवडाभराने, मी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, तेव्हा खालून चाकांची बाजाराची पिशवी आत आली, आणि तिच्यामागून वाकून थोआकाकू.

"अगं बाई! काकू, तुम्ही?"

"ओरडू नकोस. शटर खाली घे."

मी शटर खाली घेतलं. काकूंनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली दोन पातेली काढली, घरची, तळाला काळी पडलेली. "यात मांस घाल. यात आंबट सार. तुझे ते प्लॅस्टिकचे डबे नकोत, सरळ यातच ओत. माझं मनगट धरलंय, चार दिवस भांडी उचलवणार नाहीत."

असं म्हणत त्यांनी ती दोन्ही जड पातेली त्याच हाताने उचलून ओट्यावर ठेवली.

मी मांस भरलं आणि चमचा पुढे केला. "चाखून बघा ना. गोडी जास्त वाटली तर..."

काकूंनी तोंड बाजूला केलं. "काय चाखायचं त्यात? तुझ्यावर विश्वास आहे माझा."

थोआकाकू न चाखता अन्न घेतायत, आणि वर माझ्यावर विश्वास आहे म्हणतायत! काकांच्या बोलण्यावर मी अजून पुरता विश्वास ठेवला नव्हता. त्या क्षणी ठेवला.

मग त्या दर एक-दोन दिवसांनी पहाटे येऊ लागल्या. मनगटाची गोष्ट त्या विसरल्या आणि मीही काढली नाही. एकदा तर असं झालं की रात्री माझा एक फ्रिज बंद पडला होता आणि कॅटफिशचे तुकडे पार नासले होते. मी ते टाकायला म्हणून मागच्या दारापाशी ठेवले होते, आणि त्या वासाने माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. काकू आल्या, त्या टोपलीवर वाकल्या आणि म्हणाल्या, "हा मासा बघ किती छान दिसतोय. यातलाच शिजव की माझ्यासाठी."

"काकू, तो... तो दुसऱ्या कोणाचा आहे," मी म्हटलं, आणि टोपली उचलून बाहेर नेली. कचऱ्याच्या डब्यापाशी उभी राहून मी थोडा वेळ रडले. ज्या बाईने मला चिंच चांगली आहे म्हणून सांगितलं होतं तिला आता नासका मासा कळत नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

सकाळी बायको, दुपारी नवरा. एकीला दुसऱ्याचं माहीत नाही, दुसऱ्याला एकीचं नाही, आणि मधे मी डाव घेऊन उभी. एका दुपारी काका खुशीत आले. "येन, काल चमत्कार झाला. थोआच्या हाताला पुन्हा चव आली! मांस असं झालं होतं की... अगदी तुझ्यासारखं. म्हणजे, तुझ्याहून चांगलं."

"हो का," मी म्हटलं आणि धुतलेले चमचे पुन्हा धुवायला घेतले.

"मग आता घरीच जेवत जा की," मी थोड्या वेळाने म्हणाले.

काकांचा चेहरा उतरला. "असे चांगले दिवस मधूनच येतात. तिच्या आईलाही यायचे. आम्हाला वाटायचं, बरी झाली. ते दिवस फसवे असतात गं." आणि त्यांनी भाताचं ताट पुढे ओढलं.

म्हणजे दुपारी तेच मांस आणि रात्री पुन्हा तेच मांस खाऊन हा माणूस दुःख करत होता. मला हसू येत होतं आणि हसण्याची लाज वाटत होती. त्यांच्या मुलीला, त्रामला, फोन करावा असं रोज ठरवत होते. पण काय सांगणार होते तिला? तुझी आई माझ्याकडून जेवण नेते, हे सांगितलं तर काकूंचं नाक कापलं जाणार. नाही सांगितलं तर एक दिवस घर पेटणार.

मग ॲडलेडच्या दाओआत्या येणार असल्याची बातमी आली. दाओआत्या म्हणजे विन्हकाकांची थोरली बहीण, काकूंची नणंद. त्यांच्या आईचं श्राद्ध दर वर्षी थोआकाकूंच्या घरी असतं, पण आत्यांना गुडघ्यांमुळे बरीच वर्षं येता आलं नव्हतं. यंदा त्या विमानाचं तिकीट काढून बसल्या होत्या. श्राद्धाच्या जेवणात वारलेल्या माणसाच्या आवडीचं करायचं असतं, आणि म्हातारीच्या जिभेचा वारसा आत्यांकडेच आला होता. काकूंचं लग्न झाल्यापासून या बाईने त्यांच्या प्रत्येक पदार्थाला एक तरी नाव ठेवलेलं. काकूंच्या पाककलेची अर्धी धार या नणंदेनेच लावली होती म्हणा ना.

श्राद्धाला आठवडा राहिला असताना काकू पहिल्यांदाच दुपारच्या आल्या. शनिवार होता, काचेसमोर दारापर्यंत रांग. काकू रांग मोडून पुढे आल्या, काउंटरवर वाकल्या आणि कुजबुजल्या, "येन, मला सहा पदार्थ लागणार आहेत. आणि ते माझेच वाटले पाहिजेत. वन्सं येतायत."

नेमकं तेव्हाच फ्रिजच्या आडून आवाज आला, "येन, जरा लोणचं वाढ गं आणखी!"

काकूंची मान गर्रकन वळली. हा आवाज त्या चाळीस वर्षं ऐकत आल्या होत्या. त्या दोन पावलं पुढे गेल्या आणि फ्रिजच्या बाजूने वाकून पाहिलं.

विन्हकाकांच्या तोंडात अर्धं अंडं होतं.

"तुम्ही बुद्धिबळ खेळायला गेला होतात ना?"

काकांनी अंडं गिळलं. ते गिळायला त्यांना बराच वेळ लागला. "आणि तू? तू त्रामकडे गेली होतीस ना?" मग त्यांची नजर पिशवीकडे गेली. टॉवेलातून पातेल्याचा कान बाहेर आला होता. "ते... ते आपलं पातेलं आहे का?"

"माझ्या घरात मी रांधत असताना तुम्ही इथे येऊन जेवता? लपून?" काकूंचा आवाज चढला. "सगळ्या इनालासमोर? माझं जेवण तुम्हाला जात नव्हतं तर तोंडाने सांगायचं होतंत!"

"जेवण तू रांधतेस?" काका उठून उभे राहिले. "मग हे पातेलं इथे कशाला आलंय? हवा खायला?"

रांगेतली माणसं काचेतल्या कारल्यांकडे फार लक्ष देऊन पाहायला लागली. एकही जण हलला नाही. मी पळी हातात धरून तशीच.

"म्हणजे गेले दोन महिने घरी मी जे खातोय..." काका माझ्याकडे वळले. "येन?"

"काका, मला मधे घेऊ नका," मी म्हटलं.

काकू खाली बघत होत्या. त्यांच्या हनुवटीला थरथर सुटली होती. ते पाहिलं आणि काकांचा राग उतरला. ते पुढे आले, त्यांनी काकूंचा दंड धरला आणि अगदी हळू, एखाद्या लहान पोरीशी बोलावं तसं म्हणाले, "थोआ, असू दे. मला माहीत आहे. तुला आठवत नाही, त्याला तू काय करणार? मी आहे ना. तुझ्या आईचं झालं तसं..."

"काय आठवत नाही मला?"

"मीठ घातलं की नाही ते. गॅस..."

"कोण म्हणतं आठवत नाही?" काकूंनी दंड सोडवून घेतला. "मला चांगलं आठवतं! मी मीठ घालते ते मला आठवतं, पण ते पुरे झालं की नाही हे कळत नाही! मला वास येत नाही हो! थंडीत ताप येऊन गेला ना, तेव्हापासून नाक गेलंय. कशाचाच वास नाही. फिश सॉसची बाटली नाकाला लावली तरी पाणी हुंगल्यासारखं. जिभेला खारट म्हणजे नुसतं टोचतं, त्यात चव नाही. धूर झाला तो मला कळलाच नाही. सगळं घर जळलं असतं तरी मी शेंगा निवडत बसले असते!"

काचेमागे ट्रेखालचं पाणी उकळत होतं.

"वास?" काका म्हणाले. "नुसता वास?"

"नुसता म्हणे!"

"थोआ, आपलं लग्न कुठे झालं?"

"हे काय आता?"

"सांग, कुठे झालं?"

"निर्वासितांच्या छावणीत झालं, बिडोंग बेटावर! तुम्ही दुसऱ्याचा शर्ट घातला होतात आणि बाह्या कोपरापर्यंत येत होत्या. जेवायला डब्यातले सार्डिन होते. वन्संनी त्यालाही नावं ठेवली होती. आणखी काय सांगू?"

"त्रामचा वाढदिवस?"

"तुमच्या लक्षात तरी आहे का तो? दर वर्षी मला विचारता!"

विन्हकाका मटकन स्टुलावर बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. खरं म्हणजे ते रडतही होते आणि हसतही होते. "नाकच ना?" ते परत परत म्हणत होते. "नाकच गेलंय ना फक्त? अगं, मग जाऊ दे की! नाकाचं काय घेऊन बसलीस! मला वाटलं, तूच चाललीस. मला वाटलं, एक दिवस मला विचारशील, तुम्ही कोणाकडचे."

काकू थक्क होऊन त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं, की हा माणूस इतके दिवस बुद्धिबळाच्या नावाखाली काय उरात घेऊन फिरत होता. "अहो," त्या म्हणाल्या, "असं तुम्ही मनात आणलंत तरी कसं? आणि मला विचारलं का नाहीत?"

"तू का नाही सांगितलंस?"

काकूंनी टॉवेलाने डोळे टिपले. "काय सांगू? मला इंग्रजी येत नाही, गाडी चालवता येत नाही. या घरात माझा शब्द चालतो तो माझ्या पातेल्यामुळे. तेच गेलं म्हटल्यावर मी कोण उरले?"

"काकू बसा," मी म्हटलं आणि दुसरं स्टूल पुढे केलं. रांगेतल्या एका आजोबांनी घसा खाकरून विचारलं, "पोरी, आता माझं कारलं मिळेल का?" आणि मग सगळेच हसले. काकूसुद्धा. कारली वाढताना माझे हात इतके हलके झाले होते की प्रत्येकाला थोडं जास्तच गेलं असणार.

सोमवारी त्राम आईला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, तापानंतर असं होतं पुष्कळांना, वास हळूहळू येईल परत, थोडाच येईल किंवा येणारही नाही. डोकं अगदी ठणठणीत आहे. हे शेवटचं वाक्य विन्हकाकांनी त्रामला दोनदा भाषांतर करून सांगायला लावलं. त्याच आठवड्यात त्यांनी गॅस काढून विजेची शेगडी बसवली.

राहिला प्रश्न श्राद्धाचा. आता लपवायचं काही नव्हतं, तरी काकूंचा हट्ट सुटेना. "जेवण तुझंच असेल, पण आईंच्या आवडीचं मांस त्यांच्या हातचंच वाटलं पाहिजे. त्या बेन त्रे गावच्या. त्यांना नारळपाणी लागायचं, साखर नाही. तुम्ही सा देक गावच्या बायका सगळ्यात साखर ओतता."

"मग या मागे, उभ्या राहून करून घ्या," मी म्हणाले.

त्या आल्या. दोन दिवस माझ्या मागच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी उभ्या होत्या. रंगापुरती साखर जळायला ठेवली की त्या रंगाकडे बघत: "अजून. अजून. आता! पाणी घाल!" मी चाखायचे आणि सांगायचे, आणि त्या विचारायच्या, "खारट आधी लागतं की गोड आधी? घशात काय राहतं?" इतकं नेमकं मला कधी कोणी विचारलं नव्हतं. एकदा मी म्हटलं, "गोड आधी," तर त्या म्हणाल्या, "मग चुकलं. कर परत."

"काकू, मी साखर कमीच घातलीय हो!"

"तुझ्या कमीला आमच्याकडे जास्त म्हणतात."

श्राद्धाच्या दिवशी मी डबे घेऊन गेले, आणि काकूंनी मला परत जाऊ दिलं नाही. सासूबाईंच्या फोटोपुढे सगळे पदार्थ मांडले, उदबत्त्या लावल्या. दाओआत्या काठी टेकत आल्या, हात जोडले, आणि मग मेजाच्या अग्रभागी बसल्या. त्यांच्यासमोर मांसाचा वाडगा आला. काकू नेहमीप्रमाणे त्यांच्या खुर्चीमागे उभ्या, हातात पळी.

आत्यांनी एक घास घेतला. चावला. अख्खं घर त्यांच्या तोंडाकडे बघत होतं, आणि मीही.

"साखर किंचित जास्त झालीय," आत्या म्हणाल्या.

काकूंच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, तसं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर उचललेलं ओझं कोणी सहज काढून घ्यावं तसं. "वन्सं," त्या म्हणाल्या, "साखर माझी नाही. ही बघा येन, ही सा देकवाली. काय बोलायचं ते हिला बोला."

"म्हणजे?"

"जेवण विकतचं आहे. येनच्या दुकानचं. मला वास येत नाही आता, चवही कळत नाही. मी नुसती उभी राहून ओरडत होते."

विन्हकाकांनी काड्या खाली ठेवल्या आणि सज्ज होऊन बसले, बहिणीने काही म्हटलं तर तुटून पडायला. पण आत्यांनी काकूंकडे वर पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत वाडग्याकडे.

"म्हणजे आज तुला स्वयंपाकघरात काही काम नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग उभी का आहेस गाढवासारखी?" आत्यांनी शेजारची खुर्ची काठीने ओढली. "बस इथे. इतक्या वर्षांत माझ्या आईच्या श्राद्धाला तुला गरम भात खाताना मी पाहिलेलं नाही. आम्ही उठायचो तेव्हा तू बसायचीस. बस म्हणते ना!"

काकू बसल्या. त्यांना हात कुठे ठेवावे ते सुचत नव्हतं. त्रामने त्यांच्यासमोर भाताचा वाडगा ठेवला, आणि आत्यांनी स्वतःच्या काड्यांनी त्यावर मांसाचा तुकडा आणि लोणचं ठेवलं. काकूंनी लोणच्याचं पान तोंडात टाकलं. ते कुरकुरलं, आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"काही कळतं का?" आत्यांनी विचारलं.

"कुरकुरीत आहे," काकू म्हणाल्या. "आणि गार. आणि भात गरम आहे." त्यांनी आणखी एक पान घेतलं.

आत्यांनी त्या दिवशी मांस तीनदा घेतलं, साखर जास्त असूनसुद्धा. निघताना माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ॲडलेडला असलं दुकान माझ्या घराजवळ असतं तर मी गुडघे मोडून स्वयंपाकघरात उभी राहिले असते का? तिकडे मला रोज माझंच रांधलेलं खावं लागतं. कंटाळा आलाय." दुसऱ्या दिवशी विमानात नेता येतील असे गोठवलेले चार डबे त्यांनी माझ्याकडून बांधून घेतले, आणि प्रत्येकावर साखरेबद्दल काहीतरी बोलल्या.

आता थोआकाकू आणि विन्हकाका दुपारी बरोबर येतात. फ्रिजच्या आड बसत नाहीत, खिडकीशी बसतात. काकूंना कारलं लागतं, जिभेला कडू अजून थोडं कळतं म्हणून, आणि मिरची भरपूर. काका चाखून त्यांना सांगतात. तो त्यांचा नवा उद्योग झाला आहे.

"आज सार कसं आहे?" काकू विचारतात.

"आंबट."

"आंबट म्हणजे कसं? चिंच पुढे की अननस पुढे?"

"अगं, आंबट म्हणजे आंबट!"

"इतकी वर्षं मी या माणसाला खायला घातलं," काकू मला म्हणतात, "आणि याला आंबट म्हणजे आंबट एवढंच कळतं. येन, तूच ये इकडे, तू सांग."

मग मी हात पुसत काउंटरमागून बाहेर येते, त्यांच्या वाडग्यातला एक चमचा घेते, आणि चिंच पुढे आहे की अननस, ते सांगते.